नवीन बॅटरी टाकली तरी ट्रक सेल्फ घेत नाही? आणखी खर्च करण्याआधी मीटर लावून हे तपासा

चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, हॉर्न वाजला, हेडलाइटही झक्क. सेल्फ मारला तर फक्त ‘टक्’. आणि बॅटरी तर परवाच नवीन टाकलेली!

मी काटोलला राहतो. आमच्याकडे आणि शेजारच्या नरखेड तालुक्यात संत्र्याच्या हंगामात जुन्या गाड्या भरपूर दिसतात. पंधरा-वीस वर्षं झालेले छोटे ट्रक असतात. बगीच्यातून माल काढायचा, नागपूरच्या कळमना मार्केटला टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. घरातल्या मोठ्यांना इंजिनचं सगळं ठाऊक असतं, पण वायरिंगचं नाव निघालं की ते म्हणतात, “बोलव रे त्या वायरमनला.” तो येईपर्यंत अंदाजानं खर्च सुरू होतो. आधी बॅटरी. तिनं झालं नाही तर सेल्फ उघडा. तरी नाही तर चावीचा स्विच बदला. पंधरा हजार गेल्यावर कळतं की दोष एका गंजलेल्या बोल्टमध्ये होता.

दोन-तीनशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर आणि खिशातला फोन एवढ्यावर हा दोष बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतो. गाडीचं फार ज्ञान लागत नाही. कुठे काय मोजायचं तेवढं कळलं पाहिजे.

आधी आवाज ऐका

“गाडी स्टार्ट होत नाही” या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार असतात. एकात इंजिन फिरतच नाही. दुसऱ्यात इंजिन घर्रर्र फिरतं, पण पकडत नाही. पहिला आजार विजेचा असतो, दुसरा बहुतेक वेळा डिझेलचा. नवीन बॅटरीचा संबंध फक्त पहिल्याशी. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल स्वतःच पेट घेतं. त्यामुळे इंजिन जोरात फिरत असेल तर बॅटरीनं आपलं काम केलं, तिला सोडा आणि खाली डिझेलवाल्या भागाकडे या.

इंजिन फिरत नसेल तर फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून दोन-तीनदा ऐका. ‘टकटकटकटक’ असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातोय, पण मोटर करंट मागते तेव्हा व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. बॅटरी रिकामी किंवा जोडणी ढिली. एकच जाड ‘टक्’ आणि शांतता म्हणजे सोलेनॉइड बसला, पण पुढे करंट पोचत नाही किंवा मोटर अडकली आहे. ‘घीऽऽ’ असा पंख्यासारखा आवाज म्हणजे सेल्फ मोकळा फिरतोय, त्याची गिअर फ्लायव्हीलला धरत नाही. तिथे मीटरचं काम नाही, सेल्फ खाली उतरवावाच लागेल. आणि काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचलेला नाही: चावी, रिले, फ्यूज किंवा बारीक वायर.

हेडलाइट लावून सेल्फ मारणं ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती आजही बरोबर आहे. दिवे जरासे मंदावले तर ठीक. एकदम विझले तर बॅटरीच्या टर्मिनलवर संशय घ्या. जराही हलले नाहीत तर सेल्फपर्यंत करंट जातच नाहीये.

दिवे लागतात, मग सेल्फ का नाही?

या प्रश्नावरच सगळं अडतं. “दिवे लागतात म्हणजे वायरिंग ठीक आहे,” असं जो म्हणतो त्याला हा भाग वाचून दाखवा.

फोनपासून सुरू करू. तुमची चार्जिंग केबल जुनी झाली, आतून तारा तुटल्या. फोन चार्जिंग दाखवतो, विजेचं चिन्ह दिसतं, पण टक्केवारी वाढत नाही. चार्जर चांगला, फोनही चांगला, मधली वाट खराब. समजा त्या केबलचा रेझिस्टन्स 0.3 ओहम झाला आणि 2 अँपिअर जातोय. 0.3 गुणिले 2 म्हणजे 0.6 व्होल्ट केबलमध्येच खर्च. पाचातून 4.4 उरले.

हा गेओर्ग ओहम यांचा 1827 सालचा नियम. दहावीच्या पुस्तकात पाठ करून आपण सोडून दिला होता. आता तो ट्रकला लावा. हेडलाइटचा एक 55 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतो, दोन्ही मिळून नऊ. गंजलेल्या जोडणीचा रेझिस्टन्स समजा 0.01 ओहम आहे, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. 9 गुणिले 0.01 म्हणजे 0.09 व्होल्ट गेला. दिव्याला ते कळणारही नाही.

सेल्फचं मात्र वेगळं आहे. थंड डिझेल इंजिन फिरवायला छोट्या ट्रकचा सेल्फ 300 अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकतो. 300 गुणिले 0.01 म्हणजे 3 व्होल्ट त्या एका जोडणीतच गेले! बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली आधीच साडेदहावर आलेली असते, त्यातून तीन वजा केले की सेल्फला साडेसात उरतात. तेवढ्यात डिझेल इंजिन फिरत नाही. आणि 3 गुणिले 300 म्हणजे 900 वॉट उष्णता त्या एका जागी. म्हणूनच सेल्फ मारून झाल्यावर एखादं टर्मिनल चटका बसेल एवढं गरम लागतं. गरम जागा सापडली म्हणजे दोषही बहुधा सापडला. फक्त तपासताना बोटं जपून.

थोडक्यात, हॉर्न आणि दिवे नऊ-दहा अँपिअरची परीक्षा पास होतात. सेल्फची परीक्षा तीनशे अँपिअरची आहे. नवीन बॅटरीनं मधली वाट बदलत नाही.

आता यातली गंमत. मीटरची ओहमची रेंज लावून, किंवा ‘पीं’ वाजणारी कंटिन्युइटी लावून ही खराब जोडणी सापडत नाही. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच 0.2-0.3 ओहम दाखवतात, त्यात 0.01 कसा दिसणार? शंभर तारांची केबल तुटून एकच तार उरली तरी मीटर आनंदाने ‘पीं’ वाजवेल. सेल्फ चालू असताना व्होल्टेज कुठे गळतंय ते मोजणं, हाच खरा मार्ग. त्याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

हात लावण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली लाकडी गुटका किंवा मोठा दगड. हातातलं कडं, अंगठी, धातूचा पट्टा काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवर असताना कडं बॉडीला लागलं तर ते क्षणात लाल होतं, आणि मनगट त्याच्या आत असतं. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको आणि आत डोकावायला माचिस तर अजिबात नको. फोनचा टॉर्च आहे ना.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी. सेल्फच्या दोन बोल्टवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून ‘डायरेक्ट’ मारण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तिथल्या तिथे पुढे उडी घेते, आणि डायरेक्ट मारणारा माणूस नेमका गाडीखाली किंवा चाकापुढे बसलेला असतो. चावी बंद असली तरी जुनं डिझेल इंजिन सुरू होऊ शकतं, कारण अनेक जुन्या गाड्यांत डिझेल बंद करायला वेगळी केबल असते, चावी नाही. कुणी कितीही वर्षांपासून हे करत असो, तुम्ही करू नका.

तपासताना इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून इंजिन बंद करायची केबल ओढून धरायला कुणाला तरी केबिनमध्ये बसवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. ती मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली असते. सलग मारली की आधी कार्बन आणि मग आर्मेचर जातं.

नवीन बॅटरी खरंच भरलेली आहे का?

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी वायर कॉमच्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं बॅटरीला लावली तर तो सरळ शॉर्ट होतो, म्हणून आधी तिथे नजर टाका.

हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, मग मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. फोनमध्ये 100 ते 0 असं दिसतं, इथे सगळा खेळ एका व्होल्टच्या आत आहे, म्हणून ‘12 दाखवते, म्हणजे बरोबर’ असं समजू नका.

दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. ‘नवीन’ हा शब्द बिलावरचा आहे, चार्जचा नाही. बॅटरीवर बनवल्याची तारीख किंवा कोड असतो, तो दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. दुसरं म्हणजे क्षमता. स्वस्त पडते म्हणून कारची 35-40 एएचची बॅटरी ट्रकला बसवली तर दिवे लागतील, थंड इंजिन फिरणार नाही. जुन्या बॅटरीवर जेवढे एएच लिहिले होते तेवढे किंवा जास्त हवेत. तिसरं, पोल. बॅटरीचे पोल जाड-बारीक असतात. जुना क्लॅम्प नवीन पोलवर पूर्ण खाली बसला नसेल तर तो घट्ट वाटतो, पण वरच्या कडेवरच टेकलेला असतो. हाताने क्लॅम्प फिरवून बघा. फिरला तर दोष तुमच्या हातात आहे, शब्दशः.

यानंतर सेल्फ मारताना बॅटरीवरचं व्होल्टेज बघा. 9.6 च्या वर टिकलं तर बॅटरी ठीक. त्याखाली गेलं तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही गेलं तर बॅटरी कमजोर, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन जाम आहे आणि बेसुमार करंट ओढतंय.

उलट गोष्ट जास्त बोलकी आहे. सेल्फ मारला, गाडी हलली नाही, आणि बॅटरीवर व्होल्टेज फारसं पडलंच नाही, तर बॅटरीवर ओझंच आलेलं नाही. करंट वाटेत अडलाय.

वाट मोजणं

स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि आपल्याला त्याच वेळी दुसरीकडेही बघायचं असतं. म्हणून फोन मीटरसमोर टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि सेल्फ तीन-चार सेकंद मारायला सांगा. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत आकडा वाचा. एकट्यादुकट्याला याहून सोपी सोय नाही.

पॉझिटिव्ह बाजू आधी घ्या. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. काळं टोक सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारला नाही तोवर शून्य दिसेल, कारण दोन्ही टोकं एकाच वाटेवर आहेत. सेल्फ मारला की जो आकडा येतो तो या वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. एक-दोन व्होल्ट दिसले तर ती केबल, तिचं थिंबल किंवा क्लॅम्प गेलेला आहे. आता काळं टोक बॅटरीच्या दिशेने मागे मागे आणा: आधी थिंबलवर, मग क्लॅम्पवर. जिथे आकडा एकदम कमी होतो, त्याच्या अलीकडे दोष.

मग निगेटिव्ह. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर किंवा इंजिनच्या उघड्या, बिनरंगाच्या धातूवर. इथे 0.2-0.3 व्होल्टपर्यंत ठीक. माझा अनुभव असा की लोक पॉझिटिव्हच्या लाल केबलकडे दहा वेळा बघतात आणि या बाजूकडे एकदाही नाही. पण जुन्या ट्रकचा दोष इथेच जास्त सापडतो.

कारण सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल बऱ्याच ट्रकमध्ये चेसिसला जाते. सेल्फ मात्र इंजिनला बसवलेला आहे. आणि इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर. रबरातून वीज जात नाही! म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत एक वेगळी अर्थची पट्टी असते, बहुतेक वेळा विणलेल्या तारांची, चपटी. ती खाली असते, चिखल-पाणी खाते, आणि क्लचचं काम करताना काढावी लागते. परत लावायची राहिली, किंवा गंजावर तशीच आवळली, की संपलं. दिवे चालतात, कारण त्यांचा अर्थ चेसिसला किंवा केबिनला आहे. फक्त सेल्फ मरतो.

ती पट्टी पूर्ण तुटली असेल तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला जोडलेली एखादी धातूची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची किंवा इंजिन बंद करायची. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम झाली किंवा तिच्या आवरणातून धूर आला, असं कुणी सांगितलं तर हसू नका. तो अर्थच शोधतोय.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या काकांच्या ट्रकला नेमकं हेच झालं. संध्याकाळी कॅरेट भरून झालेले, पहाटे निघायचं होतं. गाडीनं ‘टक्’ केलं आणि गप्प. बॅटरी तीन दिवसांपूर्वीची, साडेसात हजारांची. सेल्फ खोलून बघू, दीड-दोन हजार लागतील, असं एकाचं मत पडलं होतं. संत्री काही एका रात्रीत सडत नाहीत, पण सकाळचा लिलाव चुकला की गाडीभाडं, हमाली आणि उद्याचा भाव, सगळंच अंगावर. काका मला म्हणाले, “तू तो मीटर लावून पाय ना बाप्पा एकदा.”

बॅटरी उभी असताना 12.6. सेल्फ मारताना 11.8, म्हणजे बॅटरीवर पुरतं ओझंच नाही. पॉझिटिव्ह बाजूला 0.1, एकदम साफ. निगेटिव्ह पोल ते इंजिन लावलं आणि व्हिडिओत आकडा दिसला सातच्या आसपास. बारातले सात व्होल्ट अर्थमध्येच गडप! खात्री करायला जम्पर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूवर घट्ट बसवलं आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. काकांनी चावी फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात फिरलं. खाली टॉर्च मारला तर पट्टी होती, पण अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या आणि बोल्टखाली गंजाचा थर. सहा महिन्यांपूर्वी क्लचप्लेट बदलली होती. त्या रात्री गाडी जम्पर केबल बांधून नाही पाठवली. ढिली केबल रस्त्यात कशाला तरी लागली तर आग लागेल. बाजारात बंद होत आलेल्या एका दुकानातून तयार केबल आणली, दोन-अडीचशेची. चेसिसची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं.

मीटर नसेल तर ही जम्पर केबलची युक्ती तेवढी लक्षात ठेवा. इंजिनला थेट अर्थ दिला आणि गाडी फिरली, तर दोष अर्थमध्येच.

दोन्ही वाटा साफ निघाल्या तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, कुणाला तरी चावी स्टार्टला धरायला लावून, व्होल्टेज मोजा. तिथे साधारण दहाच्या वर यायला हवं. येत नसेल तर चावीचा स्विच, रिले किंवा मधली वायर. येतंय, ‘टक्’ होतंय, तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टमध्ये मीटर लावा. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त उरत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. हे सगळंच ठीक असेल तर मग सेल्फ खोलायला हरकत नाही. आता ते अंदाजानं नाही, मोजून ठरलेलं आहे.

मोठ्या ट्रकचं गणित वेगळं

मोठे ट्रक बहुतेक 24 व्होल्टचे, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. पैसे वाचवायला एकच बदलली तर जुनी बॅटरी नव्या बॅटरीला खाली ओढते. दोघींमधून करंट तोच जातो, त्यामुळे कमजोर असेल ती साखळी ठरवते. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक साडेदहावर आणि दुसरी सातवर आली तर उत्तर मिळालं. म्युझिक सिस्टिम किंवा फोनचा चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलेला असेल तर ती एकटीच रोज उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. त्यासाठी 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा.

फिरतंय, पण पकडत नाही

इथे सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही: इंजिन थंड आहे, हीटर प्लग असलेल्या गाडीत ते गेलेत, किंवा इंजिन हळू फिरतंय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. टाकी, फिल्टर, इंजिन बंद करायची केबल अर्धवट ओढलेली राहिली का, आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे गाडीनं एअर घेतली. फिल्टरजवळचा हँड प्रायमर मारून ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे बंद होईपर्यंत. हे पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी हवा, आणि सेल्फ मारताना इंजेक्टरच्या नळीच्या तोंडाशी हात कधीच न्यायचा नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

हळू फिरणं हा मधला आजार आहे. हवा पुरेशी तापायला ती झटक्यात दाबली जायला हवी. सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ऑइल घट्ट, बॅटरी सुस्त आणि हवा गार, तिन्ही एकदम. दिवाळीत चाललेली गाडी जानेवारीत अडते ती यामुळे.

धक्का मारून किंवा टोचन करून जुनं डिझेल इंजिन सुरू होतं हे खरं. पण इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत नसते. भरलेली गाडी उतारावर धक्का मारून सोडणं म्हणजे ब्रेकशिवाय सोडणं. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, त्याआधी पुढून हँडल मारावं लागायचं आणि उलट्या झटक्याने माणसांचे हात मोडायचे. तेवढा इतिहास पुन्हा नको.

गाडी सुरू झाली, आता आणखी दोन मिनिटं

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. 13.8 ते 14.4 यायला हवं, 24 व्होल्टच्या गाडीत दुप्पट. 12.5 वरच अडलं असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवीन बॅटरी चार दिवसांत पुन्हा झोपेल. मग दोष पुन्हा बॅटरीवरच येईल.

दुसरं, उभ्या गाडीत काय चालू राहतं? आंबिया बहाराची तोडणी साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत आटोपते आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मध्ये अनेक गाड्या तीन-चार आठवडे उभ्याच असतात. जीपीएस ट्रॅकर, स्टिरिओची मेमरी, थेट बॅटरीवर जोडलेल्या एलईडी पट्ट्या मिळून फक्त 50 मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला 1.2 एएच आणि तीस दिवसांत 36 एएच जातात. 80 एएचची बॅटरी जवळजवळ अर्धी संपली, गाडी जागची हललीही नाही. मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत लावून हे मोजता येतं. त्यासाठी लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात. पण मीटर तसा लावलेला असताना चावी स्टार्टला नेऊ नका, मीटर जळेल. गाडी उभी ठेवायची असेल तर निगेटिव्ह क्लॅम्प सरळ काढून ठेवा.

राहिली जुनी बॅटरी. दुकानात ती एक्स्चेंजमध्ये देण्याआधी पूर्ण चार्ज करून लोड टेस्टरवर लावून दाखवायला सांगा. टेस्टर बहुतेक बॅटरीवाल्यांकडे असतो आणि दोन मिनिटं लागतात. काकांची जुनी बॅटरी केव्हाच एक्स्चेंजमध्ये गेली होती, त्यामुळे ती चांगली होती की नाही हे आता कधीच कळणार नाही. खरोखर संपलेली असेल तर भंगारवाल्याला फोडायला न देता बॅटरीच्या दुकानातच परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून रिसायकल करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आतल्या शिशामुळे तिला एक्स्चेंजमध्ये पैसेही मिळतात.